चाल आणि संहिता : ‘कोंबडी पळाली’ व ‘झिंगाट’ यांच्या रूपांतरांविषयी

गाजलेल्या गाण्याची दुसऱ्याने काढलेली नवी आवृत्ती म्हणजे ‘कव्हर’. ही संज्ञा पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण-व्यवसायातून आपल्याकडे आली आणि कॅसेटच्या काळात रुळली. आधी मूळ ध्वनिमुद्रण, मग त्याचे अनुकरण आणि या दोहोंमध्ये हक्काचा व्यवहार, अशी क्रमवारी तिच्यात गृहीत धरलेली आहे. तिच्या जवळपास जाणारा व्यवहार मराठीत त्याहून पुष्कळ जुना आहे. त्याचे नाव मात्र निराळे आहे, आणि नावाबरोबर त्यामागची गृहीतकेही निराळी आहेत. मराठी गाणे जेव्हा हिंदीत किंवा अन्य भाषेत जाते तेव्हा नेमके काय जाते आणि काय मागे राहते, हा प्रश्न या दोन गृहीतकांच्या संदर्भात तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ज्या दोन गाण्यांचा विचार येथे केला आहे ती वाङ्मयीन नियतकालिकात सहसा चर्चेला येत नाहीत. ती इतकी लोकप्रिय आहेत की त्यांच्याकडे संहिता म्हणून पाहण्याची आपल्याला सवयच राहिलेली नाही.

आपला जुना शब्द ‘चाल’. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांतील पदांसाठी त्यांनी साकी, दिंडी, लावणी यांच्या, तसेच कर्नाटकी गाण्यांच्या प्रचलित चाली घेतल्या. नाट्यपदे छापताना पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पूर्वीच्या पदाचा किंवा गाण्याचा निर्देश करण्याची रीत होती. पुढे ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांच्या वेळी गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांनी उत्तर हिंदुस्थानी गायकीतील बंदिशींचे भांडार मराठी रंगभूमीला खुले केले. तेथेही मूळ चीज आणि तिच्यावरचे मराठी पद हे नाते जाणकारांपासून लपलेले नव्हते, व ते लपवावे असे कोणाला वाटतही नव्हते.

पदाच्या माथ्यावरची ती ओळ एकाच वेळी तीन कामे करी. गाणाऱ्याला स्वरलिपीवाचून चाल कळे. हे तिचे उघड काम. पूर्वसूरींचे ऋण त्याच ओळीत मान्य केलेले असे. तिसरे काम वाङ्मयीन दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ती ओळ वाचकाच्या स्मृतीला हाक घाली. चाल ओळखीची म्हणजे तिच्यावरचे जुने शब्दही ओळखीचे, आणि म्हणून नवे शब्द जुन्या शब्दांच्या सावलीत ऐकले जात. शृंगारिक लावणीच्या चालीवर भक्तिपर पद रचले गेले की त्या पदाच्या अर्थात लावणीच्या अर्थाला दिलेला नकारही सामावलेला असे. आजच्या परिभाषेत याला आंतरसंहितात्मकता म्हणता येईल. परंतु ही परिभाषा येण्यापूर्वी आपल्या छापखान्यांनी तिच्यासाठी एक टंकाची ओळ राखून ठेवली होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

विदर्भात या गोष्टीला ‘तर्ज’ म्हणतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या पुस्तकांत भजनाच्या आरंभी कंसात ‘तर्ज’ दिलेली असते. कधी ती दुसऱ्या भजनाची असते, तर कधी त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या एखाद्या गाण्याची. खंजिरीवर भजन म्हणणाऱ्या खेड्यातल्या मंडळाला एवढी खूण पुरेशी होती. भीमगीतांच्या परंपरेने हेच साधन अधिक जाणीवपूर्वक वापरले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी मिळणाऱ्या गीतांच्या पुस्तिका चाळल्या म्हणजे प्रसिद्ध चित्रपटगीतांच्या चालींवर रचलेली गीते आढळतात. प्रेमगीताच्या चालीवर बाबासाहेबांचे चरित्र, विरहगीताच्या चालीवर महापरिनिर्वाणाचा शोक. अशा रचनेला ‘नक्कल’ म्हणणे हा समीक्षेतला आळस होय. वाद्यवृंद, स्टुडिओ आणि संगीतकार यांपैकी काहीही हाती नसलेल्या समाजाने सर्वांच्या कानात आधीच असलेली चाल उचलली आणि तिच्यावर स्वतःचे शब्द चढवले. चाल सर्वांची आणि शब्द आपले, अशी ही विभागणी आहे. शब्द तेथे दुय्यम नसतात. रचना केली जाते तीच मुळी शब्दांसाठी.

ध्वनिमुद्रिका आली आणि या विभागणीला धक्का बसला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी यांनी चाल लावून १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताचा आरंभ तिच्यापासून मानण्याचा प्रघात आहे. त्या तबकडीने विशिष्ट शब्द, विशिष्ट चाल आणि विशिष्ट कंठ ही तिन्ही एकमेकांत कायमची गुंफली. कविता एकाची व चाल दुसऱ्याची, तरीही ऐकणाऱ्याला ती अविभाज्य वाटावीत, हे मुद्रिकेचे सामर्थ्य. ‘मूळ गाणे’ ही कल्पना आपण स्वाभाविक मानतो. वस्तुतः ती या यंत्राची देणगी आहे. तबकडीवर आणि पुढे कॅसेटच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार आणि कंपनी यांची नावे आली. ‘चाल’ ही ओळ मात्र गेली. तिच्यासाठी जागा उरली नाही, आणि गरजही.

कायद्याने या नव्या स्थितीला शब्दरूप दिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीनुसार, ठरावीक मुदतीनंतर आणि मानधन भरून, आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गीताची नवी मुद्रिका काढता येत असे. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटांनी बाजार भरून टाकला तो याच आधारावर. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीवरील १९९३ च्या ग्रंथात या घडामोडींचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद बदलली. आता प्रथम ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते, दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागते, आणि तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असेल त्याहून अधिक फेरफार मूळ कृतीत करता येत नाही. ही शेवटची अट विलक्षण आहे. हुबेहूब अनुकरणाला कायद्याने वाट मोकळी ठेवली. शब्द बदलून दिलेल्या उत्तराला मात्र ती नाही. चालीच्या परंपरेत जे सर्जनशील होते तेवढेच नेमके या सवलतीच्या बाहेर राहिले.

याच कायद्यात संगीतकृतीची व्याख्या करताना, संगीताबरोबर गायिले जाणारे शब्द तिच्यात धरू नयेत असे म्हटले आहे. म्हणजे विधिज्ञांच्या लेखी गाणे ही एक वस्तू नसून दोन कृतींचा संयोग आहे. किर्लोस्करांना हे मान्य झाले असते. फरक इतकाच, की त्यांनी शब्द आणि चाल यांच्यामधली शिवण उघडी ठेवली होती आणि आपण ती आतल्या बाजूला घेतली आहे.

आता प्रत्यक्ष गाण्यांकडे येऊ. केदार शिंदे दिग्दर्शित ‘जत्रा’ हा चित्रपट २००६ सालचा. त्यातील ‘कोंबडी पळाली’ हे गीत जितेंद्र जोशी यांनी लिहिले, संगीत अजय-अतुल यांचे, आणि गायक आनंद शिंदे व वैशाली सामंत. या दोन कंठांची निवड विचार करण्याजोगी आहे. वैशाली सामंत यांचे नाव २००२ च्या ‘ऐका दाजिबा’पासून नव्या मराठी पॉप संगीताशी जोडले गेले होते. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र. वडिलांचा कंठ भीमगीतांचा आणि विठ्ठलगीतांचा. मुलाचे नाव ऐंशीच्या दशकात ‘नवीन पोपट’च्या कॅसेटने घरोघरी गेले. म्हणजे ज्या परंपरेत चाल ही सामाईक मालमत्ता होती तिचा एक वारस, आणि ज्या बाजारात गाणे दृश्यफितीसह जन्माला येते तिथली एक गायिका, असे दोघे या द्वंद्वगीतात समोरासमोर येतात. गीताचा विषय फजितीचा आहे, प्रतिमा खुराड्यातली आहे, आणि पुरुष व स्त्री यांच्यातली झोंबाझोंबी शब्दांची आहे. तमाशातल्या गवळणीत आणि बतावणीत जी चढाओढ चालते तिच्याशी या गीताचे नाते सांगता येते. कोणी कोणाला वरचढ होऊ देत नाही आणि हसू दोघांवरही येते. अभिरुचीच्या पाहरेकऱ्यांनी त्याला उथळ म्हटले असल्यास ते समजण्यासारखे आहे. पण उथळ पाण्यातही प्रवाह असतो, आणि येथे तो संवादाचा आहे.

२६ जानेवारी २०१२ रोजी ‘अग्निपथ’ प्रदर्शित झाला. तो स्वतःच १९९० च्या त्याच नावाच्या चित्रपटाची नवी आवृत्ती. त्यात अजय-अतुल यांनी आपलीच चाल पुन्हा वापरली. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषाल यांचा, पडद्यावर कतरिना कैफ. ‘चिकनी चमेली’ देशभर वाजले. यात चौर्य नाही, कारण चालीचे कर्ते तेच आहेत. म्हणूनच हे उदाहरण अभ्यासाला सोयीचे ठरते. मालकीचा वाद बाजूला पडतो आणि केवळ संहितेतला बदल दृष्टीस येतो. तो बदल असा, की द्वंद्वगीताचे एकलगीत झाले. पुरुषाचा आवाज गाण्यातून निघाला आणि पडद्यावरच्या बैठकीत जाऊन बसला. तो आता बोलत नाही, पाहतो. कोंबडीच्या जागी फूल आले, फजितीच्या जागी मद्य आणि मद. स्त्रीला अधिक ओळी मिळाल्या, परंतु तिच्याशी भांडणारा कोणी न उरल्यामुळे त्या ओळींचे स्वरूप जाहीर प्रदर्शनाचे झाले. चालीतला ठेका, धाप लागावी अशी गती, तोंडातून शब्द निसटावेत अशी मांडणी हे सारे मुळात चढाओढीसाठी बेतलेले होते. हिंदी संहितेत ते मादकतेच्या कामी लागले. ऐकणाऱ्याला काही उणे वाटत नाही. चाल पूर्ण आहे. उणे झाले ते नाते, आणि नाते चालीत ऐकू येत नाही.

येथे एक वैयक्तिक निरीक्षण नोंदवण्याचा मोह आवरत नाही. प्रस्तुत लेखक नागपुरात मनीषनगरला राहतो. वर्धा मार्गाला लागून असलेल्या या वस्तीत रेल्वेचे फाटक हा पुष्कळ वर्षे सर्वांच्या तक्रारीचा विषय होता. २०२० साली उड्डाणपूल व भुयारी मार्ग सुरू झाल्यावर तो संपला. त्यापूर्वी लग्नसराईत फाटक बंद झाले की वरात तिथेच खोळंबे आणि बँडवाले मालगाडी जाईपर्यंत वाजवत राहत. अशा एका संध्याकाळी ही चाल पितळी वाद्यांवर ऐकली. बँडला शब्द नसतात. वरातीतली लहान मुले हिंदी शब्द म्हणत होती, मागच्या काही बाया मराठी, आणि दोन्ही शब्द एकाच मात्रेवर पडत होते. त्या पितळेतून कोणते गाणे वाजत होते? ‘चाल’ नावाच्या जुन्या संकल्पनेला हा प्रश्न अवघड वाटला नसता. ‘कव्हर’ या संकल्पनेकडे त्याला उत्तर नाही.

‘झिंगाट’चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला आणि मराठी चित्रपटाने तोवर न पाहिलेला व्यवसाय, शंभर कोटींच्या वर, त्याने केला. प्रेक्षक या गाण्याच्या वेळी खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होते, हे त्या उन्हाळ्यात चित्रपटगृहात गेलेल्या कोणालाही आठवेल. शब्द, चाल आणि आवाज अजय-अतुल यांचेच. पण गाण्यातला ‘मी’ त्यांचा नाही. तो करमाळ्याकडच्या मासेमारी करणाऱ्या, पारधी घरातल्या मुलाचा आहे, आणि ज्या मुलीला उद्देशून तो बोलतो ती पाटलाची आहे. हे अंतर गाण्यात कोठेही सांगितलेले नाही. ते बोलीतून कळते. क्रियापदाला चिकटून येणारा ‘या’, अनुनासिके, रांगडा उच्चार यांतून त्या मुलाचा गाव, इयत्ता आणि घर उभे राहते. याच बोलीत तो मजनूचेही नाव घेतो. हिंदी-उर्दूतली प्रेमकथा त्याच्यापर्यंत आधीच पोहोचलेली आहे, व ती त्याने आपल्या उच्चारात मुरवून घेतली आहे. फुशारकी आणि केविलवाणेपण यांची जी सरमिसळ या गाण्यात आहे ती प्रमाण मराठीत लिहिली असती तर एक तर विनोदी झाली असती किंवा दयनीय.

‘झिंगाट’ हा शब्दच पाहा. ‘झिंग’ला ‘आट’ जोडून तो घडला आहे. भन्नाट, सुसाट यांच्याच कुळातला. चित्रपटाचे नावही तसेच वाजते. गाण्याच्या ध्रुपदात त्याच घडणीचे आणखीही शब्द एकामागून एक येतात. या ‘आट’मध्ये वेग आहे, बेफिकिरी आहे, हातातून सुटलेपण आहे. मराठी श्रोत्याला शब्द नवा असूनही अर्थ आधीच कळलेला असतो, कारण त्याची घडण तो ओळखतो.

‘सैराट’ची रूपांतरे लगोलग निघाली. कन्नड ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) मध्ये रिंकू राजगुरू याच नायिका होत्या आणि चालीही अजय-अतुल यांच्या राहिल्या. हिंदी ‘धडक’ २० जुलै २०१८ रोजी आला. निर्मितीत धर्मा प्रॉडक्शन्स, गीतकार अमिताभ भट्टाचार्य, संगीतकार अजय-अतुल, म्हणजे ‘अग्निपथ’चेच त्रिकूट. कथा करमाळ्यावरून उदयपूरला गेली. ‘याड लागलं’च्या चालीवर ‘पहली बार’ झाले. ‘झिंगाट’मध्ये मात्र भट्टाचार्यांनी एक शब्द तसाच ठेवला, आणि तो म्हणजे ‘झिंगाट’. बाकीचे शब्द हिंदी झाले. हा निर्णय व्यापाराच्या दृष्टीने बिनचूक होता, कारण तोवर तो शब्द देशाला माहीत झाला होता. भाषेच्या दृष्टीने काय झाले? हिंदीत ‘आट’चे ते कुळ नाही. तेथे हा शब्द एकटा पडतो. त्याची घडण दिसेनाशी होते आणि तो विशेषनाम होतो, एका गाजलेल्या गाण्याचे नाव. भाषांतरकाराने शब्द राखला आणि त्या राखण्यानेच त्याचा अर्थ गेला, असे विपरीत उदाहरण अनुवादाच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावे.

‘धडक’मध्ये जात नावापुरती उरली आणि राजकीय घराणे व सामान्य घर यांतला फरक पुढे आला, अशी टीका त्या वेळी पुष्कळ झाली. ती योग्यच होती. परंतु ती कथानकापुरती झाली. गाण्याला कोणी फारसे दोषी धरले नाही, कारण गाणे ‘तेच’ होते. माझ्या मते कथानकात जे घडले त्याची पहिली पायरी गाण्यात आहे. बोली काढली की बोलणाऱ्याची सामाजिक जागा पुसली जाते. मग त्या ‘मी’ला जात चिकटवायची ठरवली तरी चिकटवता येत नाही, कारण ती जेथे लागून होती तो उच्चारच उरलेला नसतो. हिंदीला राजस्थानातल्या एखाद्या बोलीचा आधार घेता आला असता. तसा रंग तेथे आहे, पण वरवरचा. चालीने मात्र सर्व काही झाकले. चाल इतकी दांडगी आहे की तिच्याखाली कोणतेही शब्द नाचतात, आणि नेमका हाच तिचा धोका आहे.

अर्थात या युक्तिवादाला एक अडचण आहे आणि ती टाळता कामा नये. मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये, जेथे दारावरच्या पाट्या मराठी, हिंदी, तेलुगू अशा सगळ्या आडनावांच्या असतात, गणपतीपुढे ‘झिंगाट’ लागते ते मराठीतले. नाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची मातृभाषा मराठी नाही, आणि ज्यांची आहे त्यांची वऱ्हाडी-नागपुरी बोली सोलापूरकडच्या बोलीपासून पुरेशी दूर आहे. तो ‘या’ आमच्या तोंडी नैसर्गिक नाही. मग आम्हीही ते गाणे भाषांतरातच ऐकतो, असे का म्हणू नये? एका मर्यादेपर्यंत ते खरे आहे. परंतु परकी बोली परकी म्हणून ऐकू येणे आणि बोलीच नसणे यांत अंतर आहे. नागपूरचा श्रोता त्या उच्चारापाशी क्षणभर अडखळतो, त्याची नक्कल करून पाहतो, आणि त्या नकलेत का होईना, बोलणारा कोणी निराळा आहे याची जाणीव शिल्लक राहते. हिंदी आवृत्तीत असे अडखळणे नाही.

भीमगीताने चित्रपटाची चाल घेतली तेव्हा शब्द बदलण्यामागे सांगण्यासारखे काही होते आणि जुने शब्द ऐकणाऱ्याच्या मनात जागे राहावेत अशी अपेक्षा होती. ‘चिकनी चमेली’ ऐकणाऱ्या बहुसंख्यांना तिच्याखाली ‘कोंबडी’ आहे हे ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरज नाही. दोन्हीकडे क्रिया एकच. एकीत स्मृती हवी आहे, दुसरीत विस्मृती चालते. लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना हा भेद बाजूला ठेवून केवळ ‘चाल कोणाची’ असे विचारत राहिलो, तर आपण कायद्याचा प्रश्न विचारू. तो साहित्याच्या इतिहासाचा प्रश्न नव्हे.

हे लिहिताना एका उणिवेची जाणीव होत राहिली. ध्वनिमुद्रिकांच्या सूच्या गायक, संगीतकार, चित्रपट यांच्या नावाने केलेल्या आढळतात. चालीवार सूची आपल्या अभ्यासाच्या सवयीत बसत नाही. तिचे साहित्य मात्र आपल्या हाताशी आहे, आणि तेही या प्रदेशात. तुकडोजी महाराजांच्या भजनसंग्रहांतील कंसातल्या त्या तर्जा आणि भीमगीतांच्या पुस्तिकांतील चालींचे निर्देश कालानुक्रमे उतरवून काढले, तर कोणते गाणे विदर्भातल्या खेड्यापर्यंत केव्हा पोहोचले, आणि तेथल्या माणसाने त्याचे काय केले, याचा पुरावा मिळू शकेल. पुस्तिकेच्या कागदाचे आयुष्य फार नसते. दीक्षाभूमीच्या परिसरातून त्या दरवर्षी विकत घेणारे आणि जपून ठेवणारे वाचक घरोघरी आहेत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी त्यांच्याकडे अद्याप जावयाचे आहे.